ज्ञान वाटून टाकणारे डॉक्टर



या सदरात एरवी आपण बियाणे, खते, फवारणी आणि गुरांचा चारा यांविषयी बोलतो. आज मात्र एका डॉक्टरांची आठवण काढायची आहे. शेतीच्या सदरात डॉक्टर कशाला, असे कोणाला वाटेल. पण या डॉक्टरांच्या कामात विहीर होती, ज्वारी होती, कोंबड्या होत्या, झाडे होती आणि नालाबांधसुद्धा होता. त्यांचे नाव डॉ. रजनीकांत आरोळे. त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे. गाव जामखेड, जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर.

जुन्या माणसांच्या बोलण्यात 'घरचा डॉक्टर' असा शब्द येतो. घरचा डॉक्टर म्हणजे ज्याला आजोबांचा दमा ठाऊक, सुनेचे पहिले बाळंतपण ठाऊक, घरात किती एकर कोरडवाहू आहे आणि सोसायटीचे किती देणे आहे हेही ठाऊक. नाडी पाहता पाहता तो विचारी, "यंदा पाऊसपाणी कसे?" त्याच्या गोळीइतकाच त्याच्या बोलण्याचा गुण येई. असे डॉक्टर आता कमी होत चालले आहेत. नंदुरबारला, शहाद्याला मोठे दवाखाने झाले, तपासणीची यंत्रे आली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मोलगीच्या पलीकडच्या पाड्यावर भर पावसाळ्यात रात्री दोन वाजता पोर तापाने फणफणले, तर त्या माऊलीने पहिल्या घटकेला काय करावे? गाडी येईपर्यंत, किंवा बांबूची झोळी करून रोग्याला डांबरी रस्त्यापर्यंत आणीपर्यंत, घरात कोणाला काय ठाऊक असायला हवे? आरोळे पतिपत्नींनी आपले आयुष्य याच प्रश्नाला वाहिले.

रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ सालचा, राहुरीचा. आईवडील दोघेही शिक्षकी पेशातले. म्हणजे उसाचा पट्टा आणि त्याच्या शेजारचा दुष्काळी मुलूख, दोन्ही त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. वैद्यकीचे शिक्षण दक्षिणेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. मेबल त्यांच्याबरोबरच शिकत होत्या. त्यांचे माहेर जबलपूरचे. १९६० साली दोघांचे लग्न झाले, आणि खेड्यातल्या गरिबांसाठीच काम करायचे असे दोघांनी त्या वेळीच ठरवले.

पुढे काही वर्षे त्यांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केले. दिवसभर रोग्यांची रांग असे. पोर हगवणीने सुकून आले की त्याला सलाइन लावायचे, बरे करून घरी पाठवायचे. पंधरा दिवसांनी तेच पोर तसेच पुन्हा दाखल. असे वारंवार झाले तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की आपण पाहतो त्यातले बहुतेक रोग मुळात टाळता येण्याजोगे आहेत. पोराच्या पोटात औषध जाते खरे, पण त्याच्या घरचे पाणी तेच आहे आणि घरची भाकरीही अपुरीच आहे.

बंधूंनो, हे दुखणे आपल्याला नवे नाही. कपाशीचे पान पिवळे पडले की आपण वरून फवारा मारतो. मुळाशी पाणी साचले असेल, तर कितीही फवारले तरी पान हिरवे होत नाही. आधी चर खणून पाणी काढावे लागते. आरोळ्यांनी हा चर खणायचे मनावर घेतले.

त्यासाठी आणखी शिकायला ते अमेरिकेला गेले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दोघांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. मनात आणले असते तर तिकडेच राहून सुखाने संसार करता आला असता. १९७० साली ते परत आले आणि जामखेडला गेले. तालुका अवर्षणग्रस्त, रस्ते कच्चे, डोंगरउतारावरची जमीन हलकी. गावकऱ्यांनी त्यांना दवाखान्यासाठी जागा दिली ती जनावरांच्या जुन्या, वापरात नसलेल्या दवाखान्याची. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉक्टरांचे काम गुरांच्या दवाखान्यात सुरू झाले!

त्यानंतरची त्यांची पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. ते गावोगाव गेले आणि 'तुम्हाला काय हवे?' असे विचारत बसले. लोकांनी दवाखाना मागितला नाही. लोक म्हणाले, प्यायला पाणी हवे आणि पोटाला अन्न हवे. १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. खडी फोडायची कामे, रेशनची लाल ज्वारी, पाण्यासाठी कोसभर पायपीट. त्या काळात उपाशी माणसाला 'लस टोचून घ्या' म्हणून सांगायला गेले असते तर कोणी ऐकले असते? डॉक्टरांनी आधी पाण्याच्या कूपनलिका खोदून घेण्याची व्यवस्था केली.

त्यातही त्यांनी एक गोष्ट हेतुपुरस्सर केली. कूपनलिकेची जागा शोधायला जाणकार आले, की डॉक्टर त्यांना सांगत, जागा शक्यतो दलित वस्तीत पाहा. पाणी तिथे लागले, हातपंप तिथे बसला. मग ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या वस्तीला पाणवठ्यापासून दूर ठेवले होते, त्यांनाही घागर घेऊन त्याच वस्तीत यावे लागले. भाषण करून जे झाले नसते, ते एका हातपंपाने सुरू झाले. पाण्याने होणारे रोग हटले, आणि मनातला एक जुना रोगही थोडा ओसरला.

पोराबाळांसाठी गावात सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला. आरंभी धान्य बाहेरून, मदतीतून आले. पण आलेली मदत एक दिवस संपणार हे डॉक्टरांना ठाऊक होते. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून गावातल्या शेतकऱ्यांना त्यांनी एकत्र आणले. कोणी जमिनीचा तुकडा दिला, कोणी जळण दिले, कोणी अंगमेहनत दिली, आणि मुलांसाठीचे धान्य गावातच पिकू लागले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसून जेवू लागली.

यातूनच गावोगाव शेतकरी मंडळे उभी राहिली. मंडळाच्या बैठकीत पहिला विषय गुरांचा आणि कोंबड्यांचा निघे, कारण लोकांना त्यात गोडी होती. मग पिकांचा, मग पाणी अडवण्याचा, झाडे लावण्याचा. आणि त्याच बैठकीत हळूहळू हगवण, क्षय, कुष्ठरोग, बाळंतपण हे विषयही येऊ लागले. बायकांची महिला मंडळे निराळी झाली. आम्ही खात्याची माणसे आज शेतीशाळा घेतो, तेव्हा पहिला धडा हाच असतो की शेतकऱ्याच्या मनातल्या प्रश्नापासून सुरुवात करावी. एका डॉक्टराने हे पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवले.

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या कामाकडे येतो.

गावात आरोग्याचे काम कोण करणार? आधी शिकलेल्या नर्सबाई गावात ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. बाहेरची बाई गावात एकटी राहायला बिचकते, आणि गावच्या बायका तिच्यापाशी मन मोकळे करीत नाहीत. तेव्हा विचार पुढे आला की गावातलीच एखादी बाई का शिकवू नये? गावाने आपली बाई निवडायची आणि डॉक्टरांनी तिला शिकवायचे. निवडून आलेल्या कितीतरी बायकांना अक्षरओळख नव्हती. काही दलित, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. आजवर ज्यांना कोणी चार शब्द विचारले नव्हते अशा.

या बाया दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, एकत्र जेवायच्या आणि शिकायच्या. लिहिता येत नाही तर चित्रे दाखवून, गाणी म्हणून, पुन्हा पुन्हा बोलून पाठ करून घेतले जाई. गरोदर बाईची तपासणी कशी करायची, कोणते बाळंतपण गावात होईल आणि कोणते दवाखान्यात न्यायचे, हगवणीला काय द्यायचे, अंगावरचा बधिर चट्टा कसा ओळखायचा, पोराचे वजन का पाहायचे, हे सारे त्या शिकल्या आणि गावात जाऊन करू लागल्या.

शिकलेल्या पुष्कळांना हे रुचण्यासारखे नव्हते. निरक्षर बाईच्या हाती आरोग्य द्यायचे म्हणजे काय? पण डॉक्टरांचा हिशेब सरळ होता. औषध कपाटात ठेवता येते, तसे ज्ञान कुलपात ठेवले तर ते कुजते. वाटले तर वाढते. बियाण्याचेही असेच नाही का? कणगीत कोंडून ठेवलेले बी दोन वर्षांनी उगवत नाही. पेरले तर एकाचे शंभर होते.

त्यांतल्याच एक मुक्ताबाई पोळ. १९८८ साली त्या अमेरिकेत वॉशिंग्टनला जगभरच्या तज्ज्ञांच्या सभेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात उंची झुंबरे लटकत होती. ती दाखवून त्यांनी सांगितले, की ही झुंबरे झगमगतात खरी, पण ती महाग आणि हाताला न लागणारी. आम्ही मातीच्या पणत्या आहोत. एक पणती दुसरीला पेटवते. शब्द त्यांचे जसेच्या तसे नाहीत, आशय हा होता. सभा उठून उभी राहिली नसती तरच नवल.

या पणत्यांनी काय केले, ते आकड्यांत पाहा. १९७१ च्या सुमारास जामखेडच्या त्या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १७६ मुले पहिला वाढदिवस पाहण्याआधीच दगावत होती. पाच-सहा वर्षांत हा आकडा पन्नाशीच्या आसपास आला, आणि १९९० नंतर विसाच्या घरात. रोजचे काम त्या बाईने केले, आणि तिच्या पाठीशी जामखेडचा दवाखाना उभा राहिला. आकडा वाचायला सोपा असतो. पण ज्या घरातला पाळणा रिकामा झालेला आहे, त्या घराला विचारा त्या आकड्यातला एक म्हणजे काय.

जगानेही या कामाची दखल घेतली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हाती आरोग्य देणाऱ्या निवडक प्रकल्पांचे पुस्तक काढले, त्यात जामखेड होते. १९७९ साली आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० साली डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण मिळाले. मेबलताई १९९९ साली गेल्या. २५ मे २०११ रोजी डॉ. रजनीकांतही गेले. पण जामखेडचे काम थांबले नाही, कारण ते कधी एका माणसाच्या हातात ठेवलेलेच नव्हते.

आरोळे धर्माने ख्रिस्ती होते. ज्या गावांत ते गेले तिथे बहुतेक घरे वेगळ्या धर्माची. त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी पक्की होती. लोकांना ती दिसली त्यांच्या कामातून. धर्म वेगळा असलेला डॉक्टर गावाने आपला मानावा, अशी उदाहरणे आणखीही आहेत. पुण्याच्या डॉ. बानू कोयाजी पारशी. वढू बुद्रुक आणि भोवतालच्या खेड्यांत त्यांनी आरोग्याचे मोठे काम उभे केले. १९९३ साली त्यांनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आणखी एक नाव सांगतो. डॉ. रहमतुल्ला मुहाजिर हे इराणचे, बहाई धर्माचे. हा धर्म एकोणिसाव्या शतकात इराणात उदयाला आला. दिल्लीचे कमळाच्या आकाराचे मंदिर पुष्कळांनी पाहिले असेल, ते याच धर्माचे. सेवेच्या भावनेने केलेले काम हीच उपासना, अशी त्यांची शिकवण आहे. मुहाजिर तेहरानला डॉक्टर झाले आणि १९५४ साली इंडोनेशियातल्या मेंतावाई या दूरच्या, जंगली बेटांवर सरकारी डॉक्टर म्हणून गेले. तिथल्या आदिवासींची भाषा शिकले, त्यांच्यात राहिले. १९६१ साली ते आपल्या शेजारच्या माळव्यातल्या खेड्यांतही आपल्या धर्माच्या कामासाठी हिंडले होते. १९७९ साली दक्षिण अमेरिकेत, इक्वेडोर देशात, त्यांचा अंत झाला.

एक ख्रिस्ती, एक पारशी, एक बहाई. तिघांची प्रार्थना वेगळी. पण रोग्याच्या खाटेशी बसल्यावर तिघांनी पाहिले ते माणूस. आपल्या जिल्ह्यात भिल्ल, पावरा, कोकणी, गावित, गुजर, मराठा, मुसलमान, ख्रिस्ती असे सगळे नांदतात. घरचा डॉक्टर निवडताना आपल्याही आजोबांनी त्याची जात विचारली नव्हती; हाताला गुण आहे का, एवढेच पाहिले होते.

आता यातून आपण काय घ्यायचे? जामखेडसारखे डॉक्टर प्रत्येक तालुक्याला मिळणार नाहीत. पण त्यांनी पेटवलेली पणती आपल्या गावात आलेली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगाव 'आशा' आली. या कल्पनेमागे जामखेडच्या अनुभवाचा मोठा वाटा आहे. आपल्या पाड्यावरची आशाताई ही त्या मुक्ताबाईंचीच धाकटी बहीण समजा. ती दारात आली की "काय गं, पुन्हा कागद भरायला आलीस?" म्हणू नका. तिला बसायला द्या, घोटभर पाणी द्या आणि चार गोष्टी विचारा. ग्रामसभेत तिला बोलू द्या. पुरुष मंडळींनो, हे मुख्यतः तुम्हाला सांगतो आहे. फवारणीच्या पंपाचा वॉशर कोणत्या दुकानात मिळतो हे तुम्हाला पाठ असते; गरोदर सुनेला लोहाच्या गोळ्या मिळाल्या का, हेही ठाऊक असायला हवे.

आणि काही गोष्टी तर प्रत्येक घरात पाठ हव्यात. त्या अशा.

पोराला हगवण लागली की पाणी बंद करू नका. एक लिटर स्वच्छ, उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा, आणि घोटघोट पाजत राहा. आशाताईकडे याची तयार पुडीही मिळते. अंगावरचे दूध आणि जेवण चालू ठेवा. डोळे खोल गेले, पोर मलूल झाले, पाणीही पिईना किंवा शौचात रक्त दिसले, तर उशीर न करता दवाखाना गाठा. १०८ हा गाडीचा क्रमांक भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

बाळ जन्मले की पहिले पिवळसर चिकाचे दूध फेकू नका. गाईच्या वासराला चीक पाजल्याशिवाय आपण राहत नाही. मग आपल्याच लेकराला का वंचित ठेवायचे? सहा महिने फक्त अंगावरचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको.

न्हाणीचे सांडपाणी दारात साचू देऊ नका. शोषखड्डा करा, किंवा ते पाणी परसबागेतल्या केळी-पपईला वळवा. डास कमी होतील आणि फळही मिळेल. बांधावर शेवग्याची दोन झाडे लावा. पाला आणि शेंगा दोन्ही पोटात जाऊ द्या. नागली, भगर, शेंगदाणे, तीळ ही आपल्या रानातली औषधेच आहेत. सगळे बाजारात विकून पोरांना बिस्किटाच्या पुड्यावर ठेवू नका.

फवारणी करताना विषबाधा झाली, घाम सुटला, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर काम तिथेच थांबवा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे लेबल बरोबर न्या. कोणते विष आहे हे कळले तर डॉक्टरला उपचार लवकर ठरवता येतो.

शेवटची गोष्ट सिकलसेलची. आपल्या जिल्ह्यात हा आजार आहे. लग्न ठरवताना मुलगा-मुलगी दोघांची रक्ततपासणी करून घ्या. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक अशी आजाराची शक्यता असते. पेरणीआधी आपण बियाण्याची उगवण तपासतो, मग इथे लाज कसली?

या पाच गोष्टी घरातल्या थोरामोठ्यांना वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बोलून सांगा. जामखेडच्या बाया तशाच शिकल्या होत्या. डॉक्टर आरोळ्यांच्या नावाने हार घालण्यापेक्षा हे केले, तर त्यांची आठवण काढली असे होईल.

पुढच्या अंकात उन्हाळी भुईमुगाच्या पाणीपाळ्यांविषयी बोलू.